हुशा बुशा

गेल्या मंगळवारी इथल्या लायब्ररीत 'रिंगा रिंगा रोझेस' गाताना अख्ख्या गोलात मी एकटीच 'हुशा बुशा' म्हणाले. बाकी सगळे 'अ-टिशू, अ-टिशू' करत शिंकले आणि बदाबदा खाली बसले. मी अर्ध्या तालाने मागे राहिले.

शेफिल्डमधल्या आमच्या भागातल्या लायब्ररीत दर मंगळवारी छोट्यांसाठी तासभर गाणी असतात. फुकट. लेक दोन वर्षांची झाल्यापासून आम्ही जातो. तिथे मदतीला येणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या बाई आहेत. त्या माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "ते अ-टिशू असतं, लव्ह." या 'लव्ह'वर जाऊ नका, इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा लव्ह म्हणतो. मला लागलं ते 'असतं'. पुण्यात बाबांनी पदरमोड करून इंग्रजी माध्यमात घातलं, तिथे मिसने हात धरून शिकवलेलं 'रिंगा रिंगा रोझेस', चाळीस मुलांनी एका सुरात म्हटलेलं. आणि ते म्हणे चूक!

बरं, एवढ्यावर थांबलं नाही. गाणं संपलं म्हणून मी लेकीला उचलायला गेले, तर सगळे खालीच बसून पुढे गायला लागले. गायी कुरणात पिवळी फुलं खातायत, पुन्हा अ-टिशू, आणि 'वी ऑल जम्प अप'. सगळे टुणकन उभे! म्हणजे या गाण्यात पडल्यावर उठायचंही असतं. आम्ही पुण्यात पडायचो ते पडायचोच. उठायचं कडवं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. मिस ओरडली की उठायचो.

हे मात्र मान्य करायला हवं की यांच्याकडे कडव्यांची चंगळ आहे. आपला जॅक डोकं फोडून घेतो आणि विषय संपतो. इथे तो उठून घरी पळतो आणि त्याच्या डोक्याला व्हिनेगर आणि ब्राउन पेपर लावतात. आपल्याकडे हळद लावली असती, पण निदान जखमेची विचारपूस तरी झाली. 'ट्विंकल ट्विंकल' तर 1806 साली जेन टेलरने लिहिलेली चांगली पाच कडव्यांची कविता आहे. अंधारातला वाटसरू त्या चांदणीचे आभार मानतो, ते तिसऱ्या कडव्यात. आम्ही पहिल्यावरच आयुष्य काढलं. आणि 'बा बा ब्लॅक शीप'च्या अठराव्या शतकातल्या एका छापील रूपात गल्लीत रडणाऱ्या पोराला लोकर मिळतच नाही. तीन पोती भरलेली असून!

पण मूळ मुद्दा शिंकांचा. चहाच्या वेळी बाईंनी मला समजावलं, की हे गाणं 1665 च्या लंडनच्या प्लेगचं आहे. रोझेस म्हणजे अंगावरचे चट्टे, शिंका म्हणजे लक्षण, आणि पडले म्हणजे मेले. आता प्लेगबद्दल पुणेकरणीला सांगायचं? आम्ही रँड आणि चापेकर ऐकत वाढलेली माणसं. प्लेगात गाठी येतात हो, शिंका कसल्या! पण तिथे काही बोलले नाही. बिस्किट खाल्लं.

रात्री लेक झोपल्यावर शोधायला बसले. (नवरा म्हणाला, "अगं, बालगीत आहे ते." त्याला नाही कळायचं.) बालगीतांवर आयुष्य वेचलेल्या आयोना आणि पीटर ओपी या इथल्याच जोडप्याला ही प्लेगची कथा पटलेली नव्हती. अमेरिकेत तर शिंकतच नाहीत, 'ॲशेस, ॲशेस' म्हणतात. आणि मग सापडली केट ग्रीनअवे या चित्रकर्तीच्या बालगीतांच्या पुस्तकाची 1881 ची प्रत. इंग्लंडमध्ये छापलेली. त्यात शिंक नाही. तिथे आहे 'हश! हश! हश! हश!' आणि मग सगळे पडतात.

हश. हुशा. मी पलंगावर उठून बसले. हा हश बोटीतून एखाद्या मडमेबरोबर आपल्याकडे आला आणि आपल्या मुलांच्या तोंडी त्याचा हुशा झाला, सोबतीला बुशा आला, असं मी ठरवून टाकलं. पुरावा नाही. पण आपण चहाला चहाबिहा करतो, तर हुशाला बुशा का नाही?

दुसऱ्या दिवशी हे सगळं नागपूरला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईनं तुला टोकलं, तेच ना? आणि तुपातली माशी विसरलीस वाटतं."

विसरले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत नणंदेच्या बाळाला मांडीवर घेऊन त्या 'चांदोबा चांदोबा भागलास का' म्हणत होत्या, आणि 'मामाचा वाडा चिरेबंदी'वर थांबल्या. मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "आई, पुढे आहे. तूप-रोटी खाऊन जा, तुपात पडली माशी, चांदोबा राहिला उपाशी." त्या तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे उपाशी नाही ठेवत कोणाला." मी 'आई' म्हटलं होतं, 'लव्ह' नव्हतं, हा फरक आहेच. शिवाय माशीचं कडवं खरोखर आहे.

तर मी त्यांना ग्रीनअवेचं पान फोनवर दाखवत होते, की बघा आई, हुशा बुशाच जुनं, शिंका नंतरच्या. तेवढ्यात लेक सोफ्याभोवती गिरकी घेत ओरडली, "अ-टिशू!" आणि धपकन बसली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "शिंकली. सत्य आहे."