कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात काय लिहू?

२००५ चा पावसाळा, त्सुनामीला सहा महिने झाले होते आणि मी अंदमान-निकोबारमधल्या कार निकोबार बेटावर एका मदत संस्थेकडून फॉर्म भरायच्या कामावर होतो. लोक पत्र्याच्या शेडमधे रहात होते, आत इतकं उकडायचं की बसवत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेर पडलेल्या नारळाच्या खोडावर बसलो. समोर हाफ पँट-बनियनमधले एक म्हातारे बाबा, बाजूला लुंगी नेसलेली त्यांची नात. पूर्वी पुरुष नुसती लंगोटी लावायचे, ते बाबांनी लहानपणी पाहिलेलं.

मी विचारलं परिवार का मुखिया कौन? ते म्हणाले, "तुहेत." मला वाटलं नाव आहे, मी लिहिलंही. मग नातीने समजावलं, तुहेत म्हणजे अख्खं खानदान, भाऊ-बहिणी, जावई, सुना, नातवंडं सगळे, आणि जमीन नि नारळाची बाग त्या सगळ्यांची मिळून, एकट्याची नाही. फॉर्मवर सदस्यांसाठी आठ ओळी होत्या. बाबा नावं सांगत गेले, मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहित गेलो, ३४ झाली. मग ते थांबले आणि एकेक बोट दुमडायला लागले, नऊ बोटं. लाटेत गेलेल्यांची नावं त्यांनी तोंडाने घेतली नाहीत, मीही विचारली नाहीत.

आपसात ते पू बोलायचे, कार निकोबारची भाषा. मी आधी मेळघाटात होतो, तिथली कोरकू आणि ही पू एकाच ऑस्ट्रोएशियाटिक भाषाकुळातल्या, पण कानाला काही म्हणजे काही ओळखीचं लागत नव्हतं. आणि मग नात मधेच हिंदीत म्हणाली, हमारी होडी भी बह गयी. होडी! तिथे बाजूला लाकूड बांधलेल्या त्या निमुळत्या नावेला होडीच म्हणतात, ऐकून एकदम घरचं कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं. निघताना बाबांनी मला होलचू म्हटलं, होलचू म्हणजे दोस्त.

आठवड्याने फॉर्म परत आला. नवरा, बायको, मुलं अशी वेगवेगळी कुटुंबं करा, मदतीचा चेक एकाच नावाने निघतो. मी परत गेलो, सांगताना जीभ जड झाली होती. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो बगीचा किसके नाम लिखोगे?"

बाग लावणारे, नारळ पाडणारे, सोलणारे सगळे तिथेच उभे होते, माझ्याकडे बघत.