समुद्री टँकची अल्कलिनिटी मोजण्याचे घरगुती किट

घाटमाथ्याच्या अलीकडे, सांगलीसारख्या गावात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवायचा म्हटले की माशांपेक्षा पाण्याचीच उस्तवार अधिक करावी लागते. खारटपणासाठी हायड्रोमीटर पुरतो, तापमानासाठी साधा थर्मामीटर पुरतो. अल्कलिनिटी मात्र रसायनाशिवाय कळत नाही. तयार किट मिळतात आणि ते चांगलेही असतात, परंतु ते बाहेरून मागवावे लागतात, लवकर संपतात आणि बाटलीतले द्रावण जुने झाले आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन सहसा त्यांच्यासोबत येत नाही. घरी केलेल्या किटमध्ये हे साधन आपल्याच हाती राहते, आणि किट घरी करण्याचे माझ्या मते हेच खरे कारण आहे. पैशांची बचत ही नंतरची गोष्ट.

अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. समुद्राच्या पाण्यात ती मुख्यतः बायकार्बोनेटमुळे आणि थोडीफार कार्बोनेट व बोरेटमुळे असते. नैसर्गिक समुद्रात ती साधारण 2.3 ते 2.5 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर, म्हणजे टँकवाल्यांच्या भाषेत 7 डीकेएचच्या (कार्बोनेट कठीणपणाच्या जर्मन अंशांच्या) आसपास असते. दगडी प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे माझ्या टँकमध्ये ते नाहीत आणि नसावेतच. तरीही अल्कलिनिटी उतरत राहते, कारण काचेवरचे गुलाबी-जांभळे कोरलाइन शेवाळ ती वापरते आणि माशांच्या अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणूही ती खातात. कॅल्शियमच्या आकड्यावरून ही घट लवकर लक्षात येत नाही, कारण चुन्याचा थर बसताना 1 डीकेएच खर्च होते तेव्हा कॅल्शियम लिटरमागे जेमतेम 7 मिलिग्रॅमने कमी होते, आणि टँकमध्ये ते मुळातच 400 मिलिग्रॅमच्या वर असते.

मोजण्याची पद्धत टायट्रेशनची, म्हणजे महाविद्यालयात ब्युरेट धरलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची. ठरावीक पाण्यात दर्शकाचे, म्हणजे आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या रसायनाचे, थेंब घालून आम्ल सोडत जायचे आणि सामू (पीएच) साधारण साडेचारवर येऊन रंग पालटला की थांबायचे. आम्ल मात्र तीव्र गटातलेच हवे. स्वयंपाकघरातले व्हिनेगर येथे चालत नाही, कारण ॲसेटिक आम्ल नेमके याच सामूच्या आसपास स्वतःच बफर होते आणि रंग झटकन न पालटता रेंगाळत राहतो. सांगलीत घरोघरी असलेली हळदही दर्शक म्हणून निरुपयोगी आहे. तिचा रंग सामू 8 च्या जवळपास बदलतो, म्हणजे आपले काम सुरू होते तिथेच तिचे संपते. दर्शक म्हणून ब्रोमोक्रेसॉल ग्रीन घ्यावे, ते निळ्यावरून हिरव्यावर आणि मग पिवळ्यावर जाते. त्यात थोडे मिथाइल रेड मिसळले तर शेवटी गुलाबी छटा येते आणि बदल अधिक स्पष्ट दिसतो.

आम्ल मिळवणे या भागात अवघड नाही. सांगली-मिरजेत दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब मुबलक आहेत, आणि साहलीच्या जुन्या पद्धतीने हिमोग्लोबिन पाहण्यासाठी लागणारे ‘एन बाय टेन’ (म्हणजे 0.1 नॉर्मल तीव्रतेचे) हायड्रोक्लोरिक ॲसिड प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्यांकडे तयार मिळते. संडास धुण्याचे ॲसिड घेऊ नये. त्याची तीव्रता ठाऊक नसते आणि रंगामुळे दर्शकाचा घोटाळा होतो.

नमुना 25 मिलिलिटर आणि आम्ल एन बाय टेन घेतले, तर लागलेल्या मिलिलिटरला 11.2 ने गुणले की थेट डीकेएच येते. एक मिलिलिटरची, शंभर भागांची सिरिंज त्यासाठी उत्तम. इन्सुलिनची सिरिंज घेणार असाल तर टोपीचा रंग पाहावा: आपल्याकडे लाल टोपीची 40 युनिटची असते आणि केशरी टोपीची 100 युनिटची. दोन्हींत एक मिलिलिटरच मावते, पण रेघांचा अर्थ वेगळा असल्यामुळे आपल्याला केशरी हवी. वाचन काळ्या रबराच्या पुढच्या कडेवर घ्यावे आणि भरताना सुईच्या टोकाशी बुडबुडा राहू देऊ नये. शेजारी आम्ल न घातलेला, त्याच दर्शकाचा दुसरा ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवला की रंगाचा संशय राहत नाही. हे काम दिवसाउजेडी करावे, पिवळट दिव्याखाली निळे-हिरवे ओळखणे जिकिरीचे होते.

आता किटचा प्राण असलेली गोष्ट, ती म्हणजे प्रमाण द्रावण, म्हणजे ज्याची अल्कलिनिटी आधीच ठाऊक आहे असे पाणी. नव्या पाकिटातला खाण्याचा सोडा 2.1 ग्रॅम तोलून एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवावा आणि त्यातले 100 मिलिलिटर पुन्हा डिस्टिल्ड वॉटर घालून एक लिटर करावे. हे पाणी बरोबर 7 डीकेएचचे होते. स्वयंपाकघरातला काटा इतके बारीक वजन दाखवत नाही, म्हणून मी पुडी घेऊन सराफाकडे गेलो. “एवढ्या सोड्याला सोन्याचा काटा कशाला, सर?” असे विचारत त्यांनी तो आनंदाने तोलून दिला. जुना, उघडा राहिलेला सोडा नको, कारण त्याचे थोडे कार्बोनेट झालेले असते आणि त्याच वजनात अल्कलिनिटी जास्त भरते. तयार द्रावणातून कार्बन डायऑक्साइड उडाला तरी अल्कलिनिटी बदलत नाही. पाणी उडाले तर मात्र बदलते, म्हणून बूच घट्ट हवे.

या द्रावणाच्या 25 मिलिलिटरला 0.62 ते 0.63 मिलिलिटर आम्ल लागले, तर आम्लाच्या बाटलीवरची चिठ्ठी खरी. तसे न झाले तरी बाटली फेकण्याचे कारण नाही: टँकच्या पाण्याला लागलेल्या आम्लाला प्रमाण द्रावणाला लागलेल्या आम्लाने भागून 7 ने गुणले की उत्तर मिळते, मग आम्लाची तीव्रता नेमकी किती, हा प्रश्नच उरत नाही.

आम्लाची बाटली नाव लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी आणि तपासलेले पाणी टँकमध्ये परत ओतू नये. आकडा कमी आला, तर 100 लिटर पाण्याची अल्कलिनिटी 1 डीकेएचने वाढवायला सुमारे 3 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. तो वेगळ्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडावा आणि एका दिवसात 1 डीकेएचच्या पुढे जाऊ नये.