खणाच्या कानांची खणुली

चिऊ-काऊची गोष्ट सांगताना आमच्या घरी एक जागा नेहमी अवघड होत असे. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, तो भिजत चिऊच्या दारात येतो आणि चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ म्हणत दार उघडत नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुले या ओळींवर खुदखुदत आली आहेत. माझी मुलगी मात्र साडेतीन वर्षांची असताना तिथे दरवेळी गप्प होई आणि काऊ अजून बाहेरच आहे का, असे विचारी. भिजलेल्याला आत घेणारी गोष्ट तिला हवी होती. ती मला हाताने शिवलेल्या एका उंदरिणीपाशी सापडली.

खणुलीचे अंग आजीच्या विरलेल्या करड्या लुगड्याचे आहे आणि कान चोळीच्या खणातून उरलेल्या जांभळ्या तुकड्याचे. शेपटी म्हणजे सुताची तिपेडी वेणी. डोळ्यांना मणी किंवा बटणे लावली नाहीत, कारण घरात लहान भाचा येतो आणि सुटलेले बटण मूल आधी तोंडात घालते. म्हणून काळ्या दोऱ्याचे गाठीचे टाके घातले. त्यातला एक डोळा किंचित वर गेला आणि ती सतत काहीतरी विचारते आहे असे दिसू लागले, तेव्हा तो मी उसवला नाही.

तिचे सोबती दोन. तान्ह्या पोळ्यासाठी नागपूरहून आलेला चाकांचा लाकडी नंदी, आणि माझ्या शिवणाच्या डब्यातले रिकामे लाकडी रीळ, ज्याला मुलीने रिळोबा हे नाव दिले.

गोष्टी मी आधी ठरवून सांगत नाही, खेळण्याला जे होते तेच गोष्टीत येते. गेल्या जुलैत खणुली खिडकीत विसरली आणि रात्रभराच्या पावसात चिंब झाली. सावरीचा कापूस पाणी चटकन धरत नाही, पण शिवताना हाताशी होता तो जुन्या उशीतला साधा कापूस, आणि त्याचे आत गोळे झाले. चार दिवस ती चिमट्याने दोरीवर टांगली, तरी कुबट वास जाईना. शेवटी पोटाची शिवण उसवून सगळा कापूस वर्तमानपत्रावर पसरावा लागला.

त्या रात्रीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. खणुली रिकामी होऊन उशाशी निजली होती. पंख्याच्या वाऱ्याने कापूस उडू नये म्हणून नंदी कागदाच्या कडेवर चाके रोवून उभा राहिला, आणि सकाळी शिवायला दोरा आणायचे रिळोबाने कबूल केले. गोष्टीत दुष्ट कोणी नव्हते, पाऊससुद्धा नव्हता, कारण त्याच पावसाने खिडकीतली तुळस तरारली होती. तरीही मुलगी श्वास रोखून ऐकत होती. गोष्ट मऊ असली म्हणजे तिच्यात भीती नसते, असे मला वाटत नाही. रिकामे झालेले अंग ही लहान मुलासाठी फार मोठी भीती आहे. फक्त ती भीती कोणाला हरवून जात नाही, कोणीतरी जवळ बसून राहिल्याने ओसरते.

‘कापूस बाहेर काढला तर ती दुसरी झाली का गं आई?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘तू हात लावून बघ.’ तिने बराच वेळ खणाचे कान चाचपले आणि मग ‘नाही, हीच आहे’ असे सांगितले.

कापूस बोटांनी पिंजून आम्ही पुन्हा भरला. हेम मी घालणार होते, पण शेवटचे तीन टाके तिने हट्टाने स्वतः घातले, लाल दोऱ्याचे आणि एकेक बोटभर लांब. आता कुठलीही गोष्ट सुरू करण्याआधी ती खणुलीला उताणी करून ते टाके मोजते, आणि तीन भरले की मला म्हणते, ‘हं, सांग.’