पोर्टलवर ‘जमा’, पासबुकात कोरं

५ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या वाशिममधूनच केंद्राच्या पीएम किसान योजनेचा १८वा हप्ता सुटला. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा ५वा हप्ताही सोबतच आला, म्हणजे एका शेतकऱ्याला चार हजार. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असूनही बाजारात माल त्याच्या बराच खाली जात होता. अशा दिवसांत चार हजारांत हरभऱ्याचं बियाणं निघतं.

मी तेव्हा कृषी सहायक होतो. डिसेंबरात एका गावात ई-केवायसीचं शिबिर लावलं होतं. साठी उलटलेल्या एक मावशी आल्या आणि साऱ्यांदेखत बोलल्या, “सायेब, साऱ्या गावाले पैसे भेटले, मलेच नाही. माह्या पुतण्यानं खाल्ले.”

पुतण्या तिथंच बसला होता. गावातलं ऑनलाइन केंद्र त्याचंच. त्यानं मान खाली घातली.

१ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना या योजनेत घेत नाहीत, वारसानं आलेली असेल तरच घेतात. काका वारल्यावर त्यानंच धावपळ करून वारस फेरफार करवला आणि काकूचा अर्ज भरला. सुरुवातीचे हप्ते आले. २०२३ च्या पावसाळ्यापासून बंद झाले. यानंच आपला खातेनंबर टाकला, असं काकूच्या मनानं घेतलं. भिंतीला भिंत लागून घरं, पण दीड वर्ष बोलणं नाही.

मी पोर्टलवर मावशींची नोंद उघडली. जमीन, ई-केवायसी, आधार-बँक जोडणी, तिन्ही ठीक. हप्ते जमा. “पैसे तर जमा आहेत” एवढं सांगून त्यांना याआधीही परत पाठवलं होतं. मला याचा फार राग येतो. त्याच पानावर खाली बँकेचं नाव असतं, ते वाचायला किती वेळ लागतो? नाव दुसऱ्याच बँकेचं होतं. मावशींच्या हातात पासबुक ग्रामीण बँकेचं.

हे पैसे आधार क्रमांकावर जातात. एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते, जिथं शेवटची जोडणी झाली ती. नव्या खात्याला आधार जोडताना तशी संमती घेतली, की अनुदानाची वाट तिकडं वळते. जुनं खातं चालूच असतं, पण त्यात काही पडत नाही.

“मावशी, हप्ते बंद झाले त्या सुमारास कुठं अंगठा दिला होता?”

बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं. “गटाचं कर्ज घेतलं होतं नं. थे कर्जाचं होतं, खात्याचं कायचं?”

कर्जाच्या कागदांसोबत खातं उघडलं होतं. त्याचं पाकीट घरी पेटीत होतं, न फोडलेलं.

तालुक्याला निघालो. पुतण्याच्या गाडीवर त्या बसेनात, म्हणून माझ्या मागे बसल्या. तो त्याच्या गाडीनं आला. बँकेत नोंदी छापून घेतल्या. वाचता येत नसल्यानं त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. मी तो पुतण्याकडं दिला. त्यानं एकेक ओळ वाचली. २८ फेब्रुवारी २०२४ ला, यवतमाळच्या कार्यक्रमाच्या दिवशी, दोन-दोन हजारांच्या तीन नोंदी होत्या: पीएम किसानची एक, नमोच्या दोन. सगळे मिळून वीस हजार, एक रुपयाही हललेला नव्हता.

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तुले गावभर चोर म्हणलं रे बाबू.” तो म्हणाला, “काकू, आता खातं बदलाचा अर्ज भरून घेऊ.” त्याला पुढं बोलवेना.

ग्रामीण बँकेत आधार जोडणीचा अर्ज दिला. फेब्रुवारी २०२५ चा १९वा हप्ता तिथंच आला.

दरम्यान मी त्या कर्जगटातल्या इतर बायकांच्या नोंदी उघडल्या. त्यातल्या काहींचेही हप्ते त्याच बँकेत पडून निघाले. त्यातल्या एकीनं तर याच पैशावरून नवऱ्याचा मार खाल्ला होता.