आधी दिवा बघ गं

जुलै लागला की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारच्या घरी फोन सुरू होतात. कुणाची भाची नाशिकहून एम.एस्सी.ला आलेली असते, कुणाचा मुलगा हॉस्टेलला राहायला गेलेला असतो, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच: "ताई, कॉम्प्युटर लावला, पण नेट येत नाही." मी नेटवर्क केबलिंगचं काम करते. कॉलेजं, हॉस्टेलं, लॅब अशा ठिकाणी तारा ओढणं, रॅक (उपकरणांचं कपाट) भरणं, भिंतीत आयओ, म्हणजे केबल लावायचं सॉकेट, बसवणं हे माझं रोजचं. त्यामुळे मुलं नेमकी कुठे अडतात ते मला पाठ झालंय. जवळजवळ सगळी वरून सुरुवात करतात. ड्रायव्हर बदलतात, विंडोज पुन्हा टाकतात. सुरुवात भिंतीपासून करायची असते.

मुळात वाय-फाय असताना तार कशाला, हा प्रश्न येतोच. वाय-फायमध्ये एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर, म्हणजे सिग्नल देणाऱ्या डबीवर, जितके फोन आणि लॅपटॉप, तितक्यांनी एकच चॅनेल वाटून घ्यायचं. एक बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. रात्री जेवणं झाली की अख्खा मजला एकदमच ऑनलाइन येतो. तारेवर स्विचचं, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीचं, ते पोर्ट एकट्या तुमचं असतं, आणि पाठवणं-घेणं एकाच वेळी चालतं. ज्याला मोठा डेटा हलवायचा आहे, ऑनलाइन परीक्षा द्यायची आहे, त्यानं तार लावावीच असं माझं ठाम मत आहे.

यंदा माझ्या सख्ख्या भाचीनंच डेस्कटॉप आणला. हॉस्टेलवर गेले तेव्हा ती पलंगावर बसून विचारत होती, "मावशी, ड्रायव्हर पुन्हा टाकू का?" म्हटलं, आधी दिवा बघ गं. कॉम्प्युटरच्या मागे जिथे केबल जाते, तिथे दोन बारीक दिवे असतात. तिथे काळोख होता. दिवाच नाही म्हणजे तारेतून काही पोचतच नाही, मग ड्रायव्हर बिचारा काय करणार? मोबाइलचा टॉर्च लावून आयओत डोकावले. रंगाऱ्यानं भिंतीबरोबर त्याच्यावरूनही ब्रश फिरवलेला, आणि आतल्या आठ पिनांपैकी दोनांवर डिस्टेंपरचा पापुद्रा धरलेला. शिवाय तिच्या केबलची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली, त्यामुळे प्लग 'कट्' असा आवाज न करता नुसताच आत टेकलेला. टेबल हललं की सुटणार. आयओ बदलला, नवी पॅच कॉर्ड, म्हणजे आयओ ते कॉम्प्युटरची छोटी केबल, लावली, दिवा लागला.

दिवा लागूनही वेग कमी वाटला तर लिंक किती एमबीपीएसची आहे ते बघा. १००० च्या जागी १०० दिसत असेल तर संशय तारेवरच घ्या. केबलमध्ये आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात; १०० ला त्यांपैकी दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी कुठे तुटली असेल तर बहुतेक वेळा जोडणी १०० वर उतरते आणि तरीही सगळं 'चालू' दिसतं. क्रिम्पिंग (केबलला प्लग बसवणं) स्वतः करणार असाल तर क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून आणि विजेच्या भीतीनं दोन इमारतींमध्ये आम्ही फायबर टाकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर तळमजल्यावरचे कितीतरी आयओ उघडले तर आत तांब्यावर हिरवट थर चढलेला. पाण्यात राहिलेला आयओ वाळवून वापरू नका, बदलूनच घ्या.

आता पत्ता, म्हणजे नेटवर्कवर कॉम्प्युटरला मिळणारा आयपी नंबर. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ आणि ऑल (ipconfig /all) असं द्या. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर नेटवर्ककडून पत्ता मिळालेला नाही, कॉम्प्युटरनं आपला आपणच घेतलाय. भाचीचं तसंच निघालं. हॉस्टेलच्या नेटसाठी कॉम्प्युटरची नोंदणी करावी लागते, त्या फॉर्मवर तिनं वाय-फायचा फिजिकल अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख-नंबर, लिहून दिला होता. तारेच्या कार्डाचा बाराअक्षरी नंबर वेगळा असतो, तो 'इथरनेट' या मथळ्याखाली शोधायचा. लॅपटॉपला यूएसबीचं लॅन अ‍ॅडॅप्टर लावलं तर त्याचा आणखी तिसराच. मैत्रिणीचं अ‍ॅडॅप्टर आणून लावलं की नोंदणी तिच्या नावाची लागते, हेही ध्यानात ठेवा.

काही विद्यापीठांत अशी नोंदणी नसते, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येतं. काही ठिकाणी ८०२.१एक्स असतं, म्हणजे युजरनेम-पासवर्ड पटल्याशिवाय पोर्ट उघडतच नाही. तिथे विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये 'वायर्ड ऑटोकॉन्फिग' चालू करावं लागतं. एरवी ते बंद असतं, आणि ते चालू होईपर्यंत कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ऑथेंटिकेशन' हा टॅबच दिसत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते. घरचा राउटर आणून आयओला लावू नका. चुकून केबल त्याच्या लॅन पोर्टात गेली की तो शेजारच्या खोल्यांनाही स्वतःचे पत्ते वाटायला लागतो, आणि स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (असे परके पत्ते अडवणारी सोय) नसेल तर मजलाभर मुलांचं नेट बंद पडतं. त्यातल्या कुणाचं दुसऱ्या दिवशी सबमिशन असतं. असा राउटर शोधायला मी खोल्याखोल्यांतून फिरले आहे, आणि कोपऱ्यात रडवेली झालेली मुलं पाहिली आहेत.

संशोधन करणाऱ्यांना कॅम्पसच्या जोडणीचा आणखी एक फायदा आहे. २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये सरकारी संस्थांना हजारो जर्नल्स मिळतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट त्याचं काम बघतं. प्रकाशक तुम्हाला कॅम्पसच्या आयपीवरून ओळखतो, म्हणून तिथे पासवर्ड न देता पेपर उघडतो.

हेल्पडेस्कला फोन कराल तेव्हा नुसतं "नेट चालत नाही" म्हणू नका. दिवा लागतो का, पत्ता कुठल्या आकड्यांनी सुरू होतो, फिजिकल अ‍ॅड्रेस काय, आणि आयओवरचा नंबर काय, एवढं कागदावर लिहून मग लावा. तोच नंबर रॅकमधल्या पॅच पॅनेलवर, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या तारा येतात त्या पट्टीवर, असतो, त्यावरून तिथल्या माणसाला तुमचं पोर्ट लगेच सापडतं. नंबरावर रंग बसला असेल तर नखानं हलकेच खरवडा, स्टिकर खाली शाबूत असतो.