ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागचे टायर कोणते घालावेत

गळीत हंगाम तोंडावर आला की वाळवा, पलूस, कराड भागात टायरच्या दुकानात एक मागणी हमखास ऐकू येते: "जरा मोठा, जाड नक्षीचा टायर द्या, फडात चाक जागेवर फिरतंय." पण चाक जागेवर फिरण्याचे कारण बहुतेक वेळा टायर लहान असणे हे नसते. आधी वजन बघा, मग हवा, मग नक्षी आणि सगळ्यात शेवटी आकार. हा क्रम उलटा धरला की खिसा रिकामा होतो आणि चाक फिरतच राहते.

खरा प्रश्न आहे तो ट्रॅक्टरचे जास्त तास कुठे जातात हा. फडातून ट्रॉली निघाली की पुढचा सगळा प्रवास डांबरावर. ड्रॅग रेसच्या गाडीला मागे पूर्ण गुळगुळीत स्लिक टायर असतात आणि त्यांत हवाही कमी ठेवतात, कारण कठीण पट्टीवर जेवढे जास्त रबर टेकेल तेवढी पकड जास्त. डांबरावर ट्रॅक्टरलाही जास्त रबर टेकण्याचा हाच नियम लागू आहे, कमी हवेचा मात्र नव्हे. शेतीच्या टायरवरचे तिरके उंचवटे, म्हणजे लग, मातीत रुतण्यासाठी असतात. डांबरावर फक्त त्यांचे माथे टेकतात, सगळा भार तेवढ्यावर येतो, लग मुडपतो, तापतो आणि त्याची एक कड लवकर झिजते. म्हणून वाहतुकीच्या ट्रॅक्टरला लग रुंद, मधोमध एकमेकांजवळ आलेले आणि उंचीला बेताचे हवेत. लग जेवढा उंच, तेवढा तो डांबरावर जास्त हलणार.

टायरच्या बाजूवर आर-१, आर-१डब्ल्यू, आर-२ असे खुणेचे आकडे असतात. आर-१ हा सर्वसाधारण शेतीचा. आर-१डब्ल्यूचे लग त्याहून साधारण २० ते २५ टक्के खोल, ओल्या चिकट जमिनीसाठी. आर-२ फार खोल, जवळजवळ दुप्पट. या आर-२ ला जगभर ऊस आणि भाताचा टायर म्हणतात आणि इथेच फसगत होते. तो पाण्याने भरलेल्या, चिखलाच्या शेतासाठी आहे, ऊस कारखान्याला पोचवण्यासाठी नव्हे. पाटणच्या भातखाचरात तो शोभेल. इथे डांबरावर हंगामभर पळवला तर महागडे रबर रस्त्यावर घासून जाईल. ऊसवाहतूक आणि उन्हाळ्यात नांगरट अशी दोन्ही कामे असतील तर चांगल्या रुंद लगचा आर-१ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जत, आटपाडी, माणच्या मुरमाड रानातही तोच बरा. तिथे लगच्या खोलीपेक्षा बाजूची भिंत जाड असणे महत्त्वाचे.

आता आकार. १३.६-२८ म्हणजे टायरची रुंदी साधारण १३.६ इंच आणि रिम २८ इंची. ४५ एचपीच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरला बहुधा हा किंवा १४.९-२८ येतो, त्यावरच्यांना १६.९-२८. १३.६ काढून १४.९ घातला की चाकाची उंची साधारण चार-साडेचार टक्के वाढते. त्याच गिअरला वेग तेवढा वाढतो आणि ओढ तेवढीच कमी होते. ब्रेकलाही जास्त जोर लागतो. डबल ट्रॉली ओढणाऱ्याला हे परवडत नाही. रिमही तपासा: १३.६ ला डब्ल्यू-१२, म्हणजे १२ इंच रुंद रिम असते, तिच्यावर १४.९ चालून जातो, पण १६.९ त्यावर चढवू नये. अरुंद रिमवर टायर फुगून मध्ये गोल होतो आणि फक्त मधला पट्टा झिजतो. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला तर फक्त मागचे टायर मोठे करूच नका. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त धावतील असा हिशेब गिअरमध्ये बांधलेला असतो. तो बिघडला की पुढचे टायर आणि गिअर दोन्ही झिजतात.

चाक किती घसरते हे अंदाजाने सांगू नका, मोजा. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. त्याच रानात, वाफशावर, नांगर वर उचलून चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मग नांगर टाकून तेवढ्याच अंतरात किती फेरे होतात ते मोजा. साडेअकरा झाले तर घसरण १३ टक्के: जादा दीड फेरा भागिले साडेअकरा. शेतात ८ ते १५ टक्के ठीक. २० च्या वर गेली तर डिझेल आणि लग दोन्ही जळतायत. पाचच्या खाली आली तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे; इंजिनचा जोर ट्रॅक्टर स्वतःलाच वाहून नेण्यात घालवतोय आणि जमीन दाबली जातेय.

घसरण जास्त असेल तर टायरमध्ये पाणी भरणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह अगदी वर आणा आणि व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरा. म्हणजे साधारण ७५ टक्के होते. १३.६-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास बसते, म्हणजे चाकामागे दीडशे किलो. पूर्ण भरू नका. वर हवेची उशी उरली नाही की टायर दगडासारखा होतो आणि प्रत्येक खड्ड्याचा मार सरळ अ‍ॅक्सलला आणि ट्यूबला बसतो. दोन्ही चाकांत पाणी सारखेच हवे. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावरून ट्रॅक्टरवर येतो. चारचाकीचा जवळजवळ येत नाही, म्हणून चारचाकी ओढणाऱ्याला पाण्याची गरज जास्त.

मागे वजन वाढवले की पुढचे बघावेच लागते. चढाला किंवा फडाच्या बांधावरून भरलेली ट्रॉली काढताना पुढची चाके हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. ट्रॉलीचा हुक ठरवून दिलेल्या खालच्याच जागी लावा. हुक जेवढा उंच, तेवढा ट्रॅक्टर मागे उलटायचा धोका मोठा. बंपरवर वजने लावा.

हवा साध्या बायस टायरला (ज्याचे आतले धागे तिरके, एकमेकांना छेदून जातात) शेतात साधारण १२ ते १४ पीएसआय आणि ट्रॉली ओढताना १८ ते २०. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. कमी हवेवर भरलेली ट्रॉली ओढली की बाजूची भिंत मुडपते, लगच्या बुडाशी चिरा पडतात. टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा, टायर सरकायला लागलाय. हवा थंड टायरमध्ये, व्हॉल्व्ह वर ठेवून बघावी, नाहीतर पाणी गेजमध्ये शिरते.

रेडिअल टायर (ज्याचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे सरळ जातात) कमी हवेवरही जास्त जमीन धरतो आणि नांगरटीत त्याचा फरक जाणवतो, पण किंमत जास्त. एका अ‍ॅक्सलवर एक रेडिअल आणि एक बायस कधीही नको. नवा-जुना अशी जोडीही टाळा. उंचीतला फरक सतत डिफरेन्शिअलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, भरून काढावा लागतो.

बसवताना बाजूवरचा बाण पुढे जाण्याच्या दिशेने हवा. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले की लगची मधली, एकमेकांजवळ येणारी टोके वर दिसली पाहिजेत. उलटा बसला तर चिखल बाहेर फेकला जात नाही, लगमध्ये भरून राहतो आणि टायर गुळगुळीत झाल्यासारखा घसरतो. नव्या टायरला जुनी, ताणलेली ट्यूब घालू नका. तिला घडी पडते आणि घडीवरच ती फाटते. चाकाचे नट थोडा भार ओढून झाल्यावर पुन्हा आवळा.