तुम्ही विचारलंत म्हणून: दारात गाडी असताना एसटी कशाला?

‘दारात गाडी उभी असताना परतवाड्याला एसटीनं कशाला जाता? आणि तिथं खाता तरी काय एवढं?’ पुण्याची भाची विचारते, शेजारपाजारचे विचारतात.

खरं कारण आधी सांगते. गाडी आमचे हे चालवतात आणि ते वाटेत कुठंच थांबत नाहीत. दुसरं, मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. वाचलेल्या पैशांचे वडे येतात.

अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर. वलगावला पेढीचा पूल आला की हमखास कुणीतरी म्हातारी खिडकीतून हात जोडते. २० डिसेंबर १९५६ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथंच. मग आसेगाव, पूर्णा नदी. हवा स्वच्छ असली तर पुढं सातपुड्याची निळी रेघ दिसायला लागते आणि मला भूक लागते. घरून मुद्दाम उपाशी निघालेली असते, ते सोडा.

उतरल्यावर पहिला मान गिल्या वड्याचा. अमरावतीकडचा हा पदार्थ म्हणजे दहीवडाच ना, असं भाचीनं विचारलं होतं. नव्हे गं. दहीवडा कसा निवांत, गारगार, लग्नाच्या पंगतीतला. गिला वडा हातगाडीवरचा. माझा नेहमीचा गाडीवाला ताकाच्या पाण्यात बुडालेला वडा काढतो, दोन तळहातांत हलकेच दाबतो, प्लेटमध्ये बोटांनीच फोडतो. वर आंबट दही, चिंचेची चटणी आणि हिरव्या मिरचीचा असा ठेचा की पहिल्या घासाला कानशिलं गरम. ‘काहून बाई, तिखट कमी करू काय?’ असं दर वेळी विचारतो आणि कमी काही करत नाही. वडे संपले असले तर, ‘थांबा, घाना उतरून राहिला.’ मी थांबते. गाडीनं आले असते तर मागून हॉर्न वाजला असता.

सांबारवडी असेल तर तीही घेते. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. भाची पहिल्यांदा वाटी पुढं करून सांबाराची वाट बघत बसली होती. वरून कच्चा चिवडा: मुरमुरे, कच्चं तेल, तिखट-मीठ, कांदा. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पण पुडा हातात आला की संपतोच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र सगळं सोडून सीताफळाची रबडी. मेळघाटाच्या पायथ्याचं गाव, त्यामुळं टोपल्याच्या टोपल्या बाजारात उतरतात. बिया काढलेला गर गार रबडीत शेवटी मिसळायचा. उकळत्या दुधात घातला की कडवट होतो. हे मी घरी एक लिटर दूध वाया घालवून शिकले.

गेल्या वर्षी ह्यांच्यासाठी अर्धा किलो बांधून घेतली. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली ती नेमकी चाकावरची. आसेगावच्या अलीकडं एका खड्ड्यात डब्याचं झाकण उडालं आणि रबडी शेजारच्या आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. मी ओशाळून पदरानं पुसायला गेले. त्यांनी मला थांबवलं, बोटानं थोडी उचलून चाखली, क्षणभर डोळे मिटले.

‘कोन्या दुकानची व्हय हो बाई?’